भुतांच्या बंगल्यातला डॉक्टर

1959 साली अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये एक गंमत चालायची. पडद्यावर ॲसिडच्या हौदातून माणसाचा सापळा वर यायचा आणि त्याच वेळी पडद्याशेजारी लपवलेल्या पेटीतून दुसरा, प्लास्टिकचा सापळा निघून तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर सरकत जायचा. चित्रपटाचं नाव 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल', दिग्दर्शक विल्यम कॅसल. या तारेवरच्या सापळ्याला त्यानं 'इमर्गो' असं एखाद्या औषधाला शोभेल असं नाव दिलं होतं. पोरं कसली घाबरतात! सापळा येणार हे कळल्यावर ती पॉपकॉर्नची खोकी घेऊन तयारच बसायची आणि तो डोक्यावर आला की नेमबाजी सुरू.

कॅसलची ख्याती अशा युक्त्यांचीच होती. आदल्या वर्षीच्या 'मकाब्र' चित्रपटासाठी त्यानं 'भीतीनं मेलात तर 1000 डॉलर' असा लंडनच्या लॉइड्सचा विमा प्रेक्षकांना देऊ केला. थिएटरात नर्स उभ्या केल्या, बाहेर शववाहिका. 'हॉन्टेड हिल'पाठोपाठ आलेल्या 'द टिंगलर'मध्ये तर काही खुर्च्यांखाली मोटारी बसवून प्रेक्षकांना खालून थरथरवलं. आपल्याकडे 2008 मध्ये राम गोपाल वर्मा यांच्या 'फूंक'च्या वेळी थिएटरात एकट्यानं बसून सिनेमा पाहणाऱ्याला 5 लाखांचं बक्षीस जाहीर झालं होतं, ती जाहिरात याच घराण्यातली.

भीतीनं माणूस मरू शकतो का, हा प्रश्न कॅसलनं तिकिटं विकायला वापरला. आम्हा डॉक्टरांपुढे तो खराखुरा येतो आणि त्याचं उत्तर 'हो, पण क्वचित' असं आहे. त्याकडे वळण्याआधी सिनेमाची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात एक डॉक्टर आहे आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. पासष्टहून अधिक वर्षं जुन्या सिनेमाचं रहस्य फोडल्याबद्दल कुणी रागावू नये.

फ्रेडरिक लॉरेन हा विक्षिप्त धनाढ्य (व्हिन्सेंट प्राइस, त्याचा आवाज हीच या सिनेमाची निम्मी कमाई) पाच जणांना एका झपाटलेल्या बंगल्यात बोलावतो. रात्रभर राहून दाखवा, प्रत्येकी 10,000 डॉलर घ्या. पाचही जण पैशाच्या नडीतले. त्यात नोरा ही लॉरेनच्याच कंपनीतली तरुण नोकरदार मुलगी, घर चालवण्याचा भार तिच्या पगारावर. दुसरे डॉक्टर डेव्हिड ट्रेंट, मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा अभ्यासाचा विषय हिस्टेरिया. मध्यरात्री दारं बंद होतात. पाहुण्यांना भेट म्हणून छोट्या शवपेट्यांमधून एकेक पिस्तूल दिलं जातं. मग नोराला एकामागून एक गोष्टी दिसू लागतात. तळघरात सरकत जाणारी भेसूर म्हातारी, बॅगेत कापलेलं मुंडकं, खिडकीबाहेर तरंगणारी लॉरेनची मेलेली बायको.

शेवटी कळतं की भूतबीत कुणी नाही. लॉरेनची बायको ॲनाबेल आणि तिचा प्रियकर डॉक्टर ट्रेंट यांचा तो कट असतो. नोराला घाबरवून घाबरवून इतकं बेभान करायचं, की हातातल्या पिस्तुलानं तिनं लॉरेनला गोळी घालावी. लॉरेनला मात्र सगळं आधीच कळलेलं असतं, पिस्तुलात फुसक्या गोळ्या त्यानंच भरलेल्या असतात. हौदातून वर येणारा सापळासुद्धा तोच दोऱ्यांनी नाचवत असतो.

भीतिपट म्हणून आज हा सिनेमा कितपत चालेल? सापळा पाहून हसू येतं. कथेला भोकं आहेत. बाहेरून दिसणारा बंगला म्हणजे फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदानं बांधलेलं लॉस एंजेलिसमधलं 1924 सालचं एनिस हाऊस. नक्षीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांचं ते घर झपाटलेलं कमी आणि एखाद्या प्राचीन मंदिरासारखं जास्त वाटतं. तरी तळघरातली म्हातारी अजूनही दचकवते. नोरा वळते आणि ती तिथे असतेच. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचं केंद्र मेंदूच्या देठात, म्हणजे विचार करणाऱ्या भागाच्या कितीतरी खाली असतं. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत पापण्या मिटतात, मान खांद्यात जाते. 'अरे, हा तर सिनेमा' हे शहाणपण मागाहून येतं. ते आलं की आपण हसतो आणि त्या हसण्यातच तिकिटाचे पैसे वसूल होतात. भीतीची मजा येते ती आपण सुरक्षित आहोत याची मेंदूला खात्री असते म्हणून. पॉपकॉर्न फेकणाऱ्या पोरांना ती खात्री होती. बंगल्यात अडकलेल्या नोराला ती नव्हती.

शरीराला मात्र पहिल्या काही क्षणांत खरं-खोटं यातला फरक कळत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथी ॲड्रीनलीन सोडतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. 'रक्त गोठवणारा प्रसंग' असं आपण म्हणतो, इंग्रजीतही जवळपास तसंच म्हणतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये ते शब्दशः तपासलं. 24 निरोगी तरुणांना एक भीतिपट आणि एक साधा माहितीपट दाखवून आधी-नंतर रक्त घेतलं. भीतिपटानंतर रक्त साकळायला मदत करणारा आठवा घटक वाढलेला आढळला, प्रत्यक्ष गुठळ्या होण्याची खूण मात्र मिळाली नाही. जखम झालीच तर रक्त लवकर थांबावं, अशी शरीराची ही जुनी तयारी असावी.

निरोगी माणसात ही लाट येते आणि ओसरते. काहींत ओसरत नाही. 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी एका वेगळ्याच हृदयविकाराचं वर्णन केलं. तीव्र मानसिक किंवा शारीरिक धक्क्यानंतर रुग्णाच्या छातीत कळ येते, दम लागतो. ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, रक्तातलं ट्रोपोनिन वाढलेलं असतं. पण अँजिओग्राफी केली तर त्याचा खुलासा करील असा अडथळाच सापडत नाही. हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाकडे फुगून लुळा पडलेला असतो. त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून नाव 'ताकोत्सुबो'. या रुग्णांत दहापैकी नऊ स्त्रिया असतात, बहुतेक पाळी गेलेल्या. जवळच्या माणसाचा मृत्यू, भांडण, भूकंप, लूटमार, कोर्टात उभं राहणं अशी निमित्तं नोंदली गेली आहेत. एका अमेरिकी अभ्यासात तर अचानक दिलेल्या वाढदिवसाच्या पार्टीचा धक्काही यादीत आहे. कधी शस्त्रक्रिया किंवा जंतुसंसर्ग हे कारण असतं, कधी काहीच सापडत नाही. बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण पहिले काही दिवस धोक्याचे. हृदयाची लय बिघडू शकते, फुप्फुसांत पाणी साचू शकतं आणि थोडे रुग्ण दगावतातही.

भीती किती मारते याचा एक हिशेब लॉस एंजेलिसनंच दिलेला आहे. 17 जानेवारी 1994 च्या पहाटे तिथे भूकंप झाला. आदल्या आठवड्यात हृदयरोगानं अचानक मृत्यू पावणाऱ्यांची सरासरी दिवसाला 4.6 होती. त्या एका दिवशी असे मृत्यू 24 झाले, आणि त्यांतल्या फक्त तिघांच्या बाबतीत नेहमीपेक्षा जास्त श्रमांचा संबंध दिसला. नंतरच्या दिवसांत हा आकडा सरासरीच्याही खाली गेला. म्हणजे ज्यांच्या हृदयवाहिन्या आधीच खराब होत्या आणि जे आज ना उद्या गेले असते, त्यांतल्या काहींना त्या पहाटेच्या धक्क्यानं आधीच गाठलं, असं संशोधकांनी मानलं. याच भूकंपात एनिस हाऊसच्या भिंतींचंही नुकसान झालं.

आता डॉक्टर ट्रेंटकडे येतो. त्याचं हत्यार पिस्तूल किंवा ॲसिड नाही, ते आहे 'हिस्टेरिया' हा शब्द. नोराला जे दिसतं ते खरंच तिच्यासमोर असतं, कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं. तिचा एकही अनुभव खोटा नाही. पण घरात एक डॉक्टर आहे आणि तो तिच्या घाबरण्याला हिस्टेरियाचं नाव देतो, एवढ्यावर बाकीच्यांचं समाधान होतं. पुढे कुणी नीट शोध घेत नाही. सिनेमाच्या गुंडाळलेल्या, गमतीदार कथेत ही एक गोष्ट मला खरोखर भीतिदायक वाटते. कॅसलला ती मुद्दाम सांगायची होती असं मी म्हणणार नाही, त्याला सापळा उडवायचा होता.

हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. शतकानुशतकं बायकांच्या नाना तक्रारी त्या एका टोपलीत टाकल्या गेल्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून तो निदान म्हणून 1980 मध्ये गेला. शब्द गेला, सवय गेली नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री दोन वाजता पन्नाशीची बाई येते. घाम, छातीवर दडपण, मळमळ. सोबत चार-पाच नातेवाईक, आणि तिच्याआधी तेच बोलतात. "घरात जरा वाजलं डॉक्टर, तेव्हापासून घाबरलीय." "टेन्शन घेते खूप." "गॅस असेल." एखादी थोरली जाऊ हळूच "बाहेरचं काही असेल" असंही सांगून जाते. बाई स्वतः म्हणते, "काही नाही हो, उगाच आणलं मला." केसपेपरवर 'भीती, चिंता' असं लिहून झोपेची गोळी देण्याचा मोह तिथे फार मोठा असतो, कारण बाहेर अजून तीस माणसं बसलेली असतात.

भांडण झालं ही माहिती खरी असते, बाई घाबरलेली असते हेही खरं. चूक होते ती त्यापुढे. भीती हे छातीत दुखण्याचं कारण सापडलं, असं समजून तपास थांबतो. ताकोत्सुबोनं दाखवलं ते नेमकं उलटं. भीती सापडली तर हृदय जास्त काळजीनं पाहायला हवं. शिवाय साधा हार्ट अटॅकसुद्धा बायकांमध्ये पुष्कळदा वेगळ्या वाटांनी येतो. जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, धाप, मळमळ, कारण नसताना गळून जाणं. छातीतली ठळक कळ असतेच असं नाही.

पॅनिक अटॅक नावाचा प्रकार खरा आहे आणि तो सर्रास आढळतो. धडधड, गुदमरल्यासारखं, आता मरतोच असं वाटणं, आणि बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत त्याचा जोर शिगेला पोहोचतो. त्यावर चांगले उपचारही आहेत. पण पहिल्याच वेळी तो निव्वळ लक्षणं ऐकून ठरवता येत नाही. ईसीजी काढणं हे काही मिनिटांचं काम आहे. तो ठीक आला आणि त्रास चालूच राहिला, तर काही वेळानं पुन्हा काढायचा, ट्रोपोनिन तपासायचं, गरज वाटली तर टू-डी एको. एवढं झाल्यावर 'हृदय ठीक आहे, भीतीचा झटका होता' असं सांगितलं तर त्या वाक्याला अर्थ असतो आणि रुग्णाचाही त्यावर विश्वास बसतो. नातेवाइकांनी एवढंच विचारावं, "ईसीजी काढला का?" त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

हृदयरोग असलेल्यांनी भीतिपट पाहावेत का, असं बरेच जण विचारतात. औषधं नियमित चालू आहेत, दोन जिने चढताना छातीत दुखत नाही, अशा माणसाला पंचाहत्तर मिनिटांचा 'हॉन्टेड हिल' काही करणार नाही. तो इंटरनेटवर सहज मिळतो. नुकताच अटॅक येऊन गेला असेल किंवा थोड्या चालण्यानंही दुखत असेल, तर थोडे महिने विनोदी सिनेमे पाहावेत. एक गट मात्र खरोखर जपायचा. 'लाँग क्यूटी' नावाच्या आनुवंशिक दोषाच्या एका प्रकारात गजर किंवा फोनची घंटा अचानक वाजली तरी हृदयाची लय बिघडू शकते. घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, किंवा कुणाला दचकल्यावर शुद्ध हरपण्याचा त्रास असेल, तर ईसीजी दाखवून घ्यावा.

सिनेमापेक्षा मला काळजी वाटते ती दारामागे लपून, मुखवटा घालून आजीला दचकवायचं आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, या अलीकडच्या खेळाची. प्रेक्षक तिकीट काढून, जिवाची खात्री बाळगून बसलेला असतो. आजी चहाचा कप घेऊन येत असते, तिची अवस्था नोरासारखी. आणि असं काही झाल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं, घाम आला, तर "दचकलीय, पाणी द्या, पडू दे थोडं" म्हणत बसू नका. 108 ला फोन करा.