शाळेतील आरोग्य-तपासणी आणि घरचे कर्तव्य

फळ्यावरचे अक्षर ज्यास दिसत नाही, ते मूल पुष्कळदा 'ढ' ठरते. ज्याच्या कानातून पाणी वाहते, ते 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खाते. आणि ज्याच्या रक्तात लोह कमी आहे, ते आळशी म्हणवले जाते. वास्तविक ही तिन्ही मुले शिक्षेस नव्हे, उपचारास पात्र असतात. शालेय आरोग्यसेवेचा जन्म याच जाणिवेतून झाला.

आपल्या देशात शाळेतील मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोद्यास झाली. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने ही सेवा देशात जवळजवळ नाहीच, असे नमूद केले. आणि श्रीमती रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये तिच्या सुधारणेसाठी शिफारशी केल्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा, तर अंगणवाडीतील बालकांची दोनदा तपासणी व्हावयाची असते. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांची उणीव, बालवयातील रोग आणि वाढीतील विलंब यांचा शोध हे पथक घेते. त्यापुढील उपचार, प्रसंगी हृदयावरील शस्त्रक्रियाही, विनामूल्य होऊ शकतात.

आता बेळगावच्या शहापुराचा विचार करावा. १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेली ही पेठ विणकरांची म्हणून प्रसिद्ध. मागावर रोजची मजुरी मोजून घेणाऱ्या कुटुंबास एक दिवस बुडवून मुलास दवाखान्यात नेणे सोपे नसते. त्यातच घरची भाषा मराठी, आणि शाळेतून आलेली चिठ्ठी कानडीत वा इंग्रजीत असली, तर ती दप्तरातच राहण्याची भीती अधिक. तपासणी झाली, दोष सापडला, परंतु चिठ्ठी पुढे गेली नाही, तर सारे श्रम वाया गेले असेच म्हणावे लागेल. यास्तव चिठ्ठी न समजल्यास पालकांनी संकोच न करता शिक्षकांस अथवा आशाताईंस तिचा अर्थ विचारावा. शिक्षकांनीही तो तोंडी सांगण्याचा परिपाठ ठेवावा.

जन्मापासून ज्यास धूसर दिसते, त्या मुलास इतरांना स्वच्छ दिसते हे ठाऊकच नसते. म्हणून ते तक्रार करीत नाही. पुस्तक नाकाशी धरणे, डोळे बारीक करणे, डोके दुखणे, या खुणा घरच्यांनीच ओळखावयाच्या. मुलीस चष्मा लागला तर पुढे लग्न अडेल, ही समजूत तिचे वर्तमान अंधुक करते. वाहत्या कानात तेल घालणे हेही टाळावे.

गोळ्यांविषयी अकारण भय आढळते. जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना शाळेत दिली जाते. मोठ्या मुलांनी ती चावून खावयाची असते. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा मिळते. प्राथमिक वर्गांना गुलाबी, मोठ्या मुलांना निळी. ती जेवणानंतर घ्यावी. तिने शौचास काळसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र तिच्याबरोबर चहा दिल्यास लोह अंगी कमी लागते. लिंबू वा आवळा उपयोगी पडतो.

साथीच्या दिवसांत कुटुंबाची जबाबदारी आणखी वाढते. गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्यांत सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, मुलास घरी ठेवावे. हजेरी बुडते म्हणून आजारी मूल पाठविणे म्हणजे वर्गातील इतर मुलांस रोग वाटणे होय. वयाचा दाखला नाही, एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून ठरविले आहे. तथापि लसीकरणाची नोंद जपून ठेवावी. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा वर्धक डोस आणि दहाव्या वर्षीची टीडीची लस नेमकी याच काळात विसरली जाते.

शाळा मुलातील दोष दाखवून देऊ शकते. तो दूर करण्यासाठी दवाखान्याची पायरी घरच्यांनाच चढावी लागते. तपासणीच्या दिवशी मुलास शाळेत पाठविणे, सायंकाळी त्यास काय सांगितले ते विचारणे आणि मिळालेली चिठ्ठी आठवड्याच्या आत दवाखान्यात नेणे, एवढे तीन नियम प्रत्येक घराने पाळले, तरी 'ढ' म्हणून मागे बसविलेली कितीतरी मुले पुढल्या बाकावर येतील.