प्राध्यापकांनी आपले म्हणणे कसे मांडावे

विषय सगळ्यांचा, अर्ज एकट्याचा
"सर, माझे तास फार होताहेत," असे विभागप्रमुखांना जाता-येता सांगितले की "बघू" एवढेच उत्तर मिळते आणि वेळापत्रक तसेच राहते. तक्रार खरी असते, पण तिच्यामागे ना कागद असतो, ना माणसे.

आधी नियम हातात
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रत्यक्ष अध्यापनाचे आठवड्याचे तास दिले आहेत: सहायक प्राध्यापकांना १६, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. म्हणून अर्जात "कामाचा ताण आहे" असे मोघम लिहू नये. "माझ्याकडे २० तास आहेत, नियम १६ चा आहे" असे लिहून वेळापत्रकाची प्रत जोडावी. आकड्याला "बघू" म्हणणे अवघड जाते.

एक साथीदार पुरतो
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. समोरच्या रेषांपैकी नमुन्याएवढी रेषा कोणती, ते सांगायचे. खोलीतले बाकीचे लोक ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना खरे दिसत असूनही सहभागी माणूस अशा फेऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जाई. मात्र एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तर हे प्रमाण एकदम खाली येई.

आपल्या बैठकांत नेमके हेच घडते. सगळे गप्प, म्हणून आपणही गप्प. हे टाळण्यासाठी बैठकीच्या आधीच दोन-तीन सहकाऱ्यांशी बोलावे आणि आपल्यानंतर लगेच कोण बोलणार ते ठरवावे. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याकडून ही अपेक्षा करू नये. पुढच्या वर्षीची त्याची नेमणूकच अधांतरी असते. त्याच्या थकलेल्या मानधनाचा विषय कायम नोकरीतल्यांनीच काढायला हवा. हे त्यांचे कर्तव्यच आहे.

शब्द संस्थेचाच
दिलेल्या शब्दाशी सुसंगत राहण्याची माणसाची ओढ रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९८४ च्या ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात मांडली. महाविद्यालयाने नॅकच्या अहवालात "संशोधनाला प्रोत्साहन" लिहिले असेल, तर संशोधनासाठीच्या रजेच्या अर्जात तेच वाक्य उद्धृत करावे. तोंडी आश्वासन मिळाले, तर त्याची इतिवृत्तात नोंद मागावी.

वेळ आणि जागा
तासांचा विषय पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्याआधी काढावा. लागल्यावर कुणी हलवत नाही. महाविद्यालयात दाद लागली नाही, तर प्राध्यापक संघटना आहे. शिवाय २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार अधिसभेवर शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यांच्याकडे दहा जणांच्या सह्यांचे निवेदन अधिसभेच्या बैठकीच्या पुरेसे आधी पोहोचवावे, म्हणजे त्यांना प्रश्न मांडायला अवधी मिळतो.