रुळाकाठची रिकामी जागा

मिरजेच्या मालधक्क्यावर उभं राहिलं की जिल्ह्याचा अर्धाच चेहरा दिसतो. सिमेंटची पोती, खत, धान्य, साखर, हमालांच्या पाठीवरून वाघिणीत आणि वाघिणीतून ट्रकमध्ये जाणारा माल. ज्या पिकांमुळे सांगलीचं नाव देशभरच्या बाजारात घेतलं जातं, ती द्राक्षं, बेदाणा, आटपाडीकडचं डाळिंब, त्यांची खूण मात्र या धक्क्यावर कुठेच नाही. आपल्याकडे फळासाठी गाडी नाही, अशी तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. पण या पट्ट्याचा इतिहास नीट पाहिला तर दुखणं गाडीचं नाही. गाडी येईपर्यंत आणि भाव येईपर्यंत फळानं थांबायचं कुठे, हा प्रश्न रुळाकाठी कुणी सोडवलाच नाही. गोदाम आधी आणि गाडी नंतर, हा क्रम आपण कायम उलटा धरला.

सदर्न मराठा रेल्वेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे-मिरज मार्ग टाकला तो मीटरगेज. पुण्याच्या पुढे मुंबईकडे ब्रॉडगेज. म्हणजे कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाडकडून निघालेला प्रत्येक डाग पुण्यात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. 1891 मध्ये कोल्हापूर मिरजेला जोडलं गेलं आणि 1927 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पंढरपूरकडून मिरजेत पोचली. पुढे 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झाल्यावर तर मिरजेत तीन रुंदींचे रूळ शेजारीशेजारी नांदत होते. कोल्हापूर-पुण्याकडे रुंद, लोंढ्याकडे मीटरगेज, पंढरपूर-लातूरकडे अरुंद. मिरजेचं वैभव या जंक्शननं घडवलं, हे खरं. पण जिथे रुळाची रुंदी बदलते तिथे धक्का बांधला जातो तो माल हलवण्यासाठी, सांभाळण्यासाठी नव्हे. वर पत्रा, खाली फरशी, चारही बाजू मोकळ्या. गूळ, हळद, शेंगा यांना हे चालतं. आदळआपट सोसणारा, उन्हात दोन दिवस पडला तरी न बिघडणारा तो माल. फळाला हा धक्का पहिल्या दिवसापासून परका होता.

हळदीचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला हळद जमिनीतल्या पेवांत साठवत. तिथल्या मातीचा गुणच असा, की खोल पेवात भरून तोंड बंद केलेली हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राही. सांगलीची हळदपेठ मोठी झाली त्यात रेल्वेचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा या पेवांचा आहे. विकणाऱ्याला घाई नव्हती म्हणून घेणारा सांगलीत येत राहिला. 2005 च्या महापुरानं ही पेवं मोठ्या प्रमाणावर निकामी केली आणि हळद जमिनीवरच्या गोदामांत गेली. तोपर्यंत द्राक्षाच्या शेतकऱ्यानं थांबण्याची स्वतःची रीत शोधून काढली होती.

त्या रीतीचं नाव बेदाणा. द्राक्ष एकदा खुडलं की पुढे पिकत नाही, फक्त उतरत जातं. त्याच्याजवळ दिवस मोजके. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवायचे. त्यानं सालीवरची मेणाची लव सैल होते आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर एकावर एक थर लावायचे. कवठेमहांकाळ, जत, मिरजेचा पूर्व भाग हा कमी पावसाचा, कोरड्या वाऱ्याचा मुलूख. जी हवा खरिपाला वैरी, तीच इथे कामाला येते. बारा-पंधरा दिवसांत मणी सुकतात. मग देठ काढणं, गंधकाची धुरी, प्रतवारी आणि पंधरा किलोचा खोका. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे चार ट्रकचं ओझं एका ट्रकवर येतं आणि मोजक्या दिवसांचं आयुष्य महिन्यांवर जातं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीची एक सर आली तर रॅकवरचा माल काळवंडतो, ही जोखीम डोक्यावर घेऊनच हे सगळं चालतं. 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हवेचं आणि या हातांचं मानांकन आहे.

पण बेदाणाही उघड्यावर टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर हिरवा-पिवळा रंग तपकिरी होतो आणि रंग गेला की भाव गेला. म्हणून खोके शीतगृहात जातात. बाहेर एप्रिलचं ऊन आणि दारावरच्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या बाजूला सारल्या की आत चार-पाच अंशांची थंडी. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून थप्प्या लावणारे हमाल. सौदा मात्र अडत्याच्या दुकानात होतो. खोके फोडले जातात, व्यापारी मूठभर दाणे उचलून रंग आणि जाडी बघतो आणि जो माल खाली सांडतो त्याला शेतकरी उधळण म्हणतात. ती उधळण, वजनातली तूट आणि दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून मागची देणी चुकती करण्याचं शून्य पेमेंट, या तीन गोष्टींवर तासगाव-सांगलीत जितकं भांडण झालं तितकं भावावरही झालं नसेल. लक्षात घ्यायचं ते हे, की बेदाण्याची ही सगळी पेठ तासगावात वाढली आणि तासगाव लोहमार्गावर नाही. जवळचं स्टेशन भिलवडी. शीतगृह जिथे उभं राहिलं तिथे बाजार गेला, रूळ जिथे होते तिथे नाही.

यावर पहिला आक्षेप जळगावचा निघेल. सावदा, रावेरहून केळी वाघिणी भरभरून दिल्लीला गेलीच ना, तिथे कुठे शीतगृहं होती? गेली, पण केळी हिरवी निघतात आणि मुक्कामाला पोचल्यावर पिकवतात. प्रवास हाच त्यांचा साठवणीचा काळ. शिवाय तिथे फ्रूट सेल सोसायट्यांनी अनेकांचा माल एकत्र करून गाडी भरण्याची घडी बसवली होती. द्राक्षाला केळीची ही सवलत निसर्गानंच दिलेली नाही. दुसरा दाखला शेतमाल वाहणाऱ्या किसान रेलचा. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली गाडी सुटली आणि त्याच वर्षी 28 डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी. भाड्यात निम्मी सवलत होती आणि डाळिंबाला तिचा फायदा झाला. डाळिंबाची साल जाड, ते चार दिवस दम धरतं. पण सवलतीवर उभी केलेली गाडी सवलतीइतकीच टिकते. स्टेशनाशेजारी पूर्वशीतकरणाची खोली, प्रतवारीचं शेड, माल साठवायची जागा असं काही मागे उरलं असतं, तर गाडी पुन्हा मागायला आधार राहिला असता.

ट्रक थेट बागेत येतो, मग रुळाकडे वळायचंच कशाला, हा आक्षेप त्याहून वजनदार आहे. खाण्याच्या द्राक्षांपुरता तो मान्यच करायला हवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीलाही तो लागू आहे. ती रात्रीत मुंबईला पोचली पाहिजे; घाट उतरून वाठार किंवा सातारा स्टेशन गाठण्यात तिचं नुकसानच आहे. पण बेदाणा बागेतून गिऱ्हाइकाकडे जातच नाही. तो आधी शीतगृहात जातो, तिथून दिल्ली, कोलकात्याकडे निघतो. जड, टिकाऊ, दूर जाणारा आणि वर्षभर थोडाथोडा निघणारा असा हा माल. ते शीतगृह रुळाला खेटून असेल तर एकही जादा चढउतार होत नाही. एका व्यापाऱ्याचे पाच-दहा टन पार्सल डब्याला पुरत नाहीत, हेही खरं. पण पाच जणांचा माल एका छपराखाली असणं हेच तर गोदामाचं काम.

साठवून ठेवलं म्हणजे भाव मिळतोच असं नाही, ही भीती शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेली आहे. शीतगृहाचं भाडं चढत राहतं, कर्जाचं व्याज थांबत नाही. म्हणून गोदामाच्या पावतीवर लगेच पैसे मिळण्याची सोय त्याच दारात हवी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे आणि बेदाणा तिच्यात बसतो. तारणाची पावती, थंड खोली आणि रूळ या तीन गोष्टी तीन वेगळ्या गावांत असणं, ही खरी अडचण आहे.

आणि मिरजेला रुळाकाठी अशी सोय उभी करणं जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी 2016 चा एप्रिल आठवावा. तहानलेल्या लातूरला मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पन्नास वाघिणी भरायच्या तर नेहमीच्या नळांनी भागणार नव्हतं, म्हणून यार्डापर्यंत जलवाहिनी टाकली गेली, रुळाकाठी भरण्याची तोंडं बसवली गेली आणि मग एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी निघू लागलं. ज्या वाटेनं बार्शी लाइटची अरुंद गाडी कधी मिरजेत आली होती, त्याच वाटेनं आता ब्रॉडगेजवरून ते पाणी लातूरला पोचत होतं.