फ्रेमचा सायकल टाइम

काउंटरच्या काचेखाली रॅमच्या पट्ट्या मांडल्या आहेत आणि त्या कप्प्याला कुलूप आहे. कीबोर्ड, माऊस, केबली सगळं उघड्यावर. कुलूप फक्त रॅमला. पॅडवर आजची तारीख टाकत दुकानदार म्हणतो, "काका, हे कोटेशन आजच्यापुरतं धरा. उद्या आलात तर रॅमचा भाव नव्याने विचारावा लागेल."

काका पहिल्या पाळीतून सुटून थेट इकडे आलेले दिसतात. निळसर युनिफॉर्मचा शर्ट, खिशाला लटकलेलं ओळखपत्र, बुटांवर कूलंटचे डाग. सोबत मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. जानेवारी २०२६ चालू आहे, संक्रांत होऊन गेली तरी काउंटरवर तिळगुळाचा डबा अजून आहे. दुकान अंबडच्या आतल्या गल्लीत. एका बाजूला बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान, दुसऱ्या बाजूला लेथवाला. त्याच्या कटाईचा आवाज भिंतीतून सतत येत राहतो. लिंक रोडवर कामगारांच्या बसेसची गर्दी उसळली आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आतल्या टेबलावर एसएसडीवर कॉपी होते आहे आणि टक्का काही हलत नाही. त्यामुळे स्टुलावर बसून ऐकण्याखेरीज मला काम नाही.

बजेट सत्तर हजार. मॉनिटर धरून. दिवाळीचा बोनस आणि कंपनीच्या क्रेडिट सोसायटीचं थोडं कर्ज मिळून ही रक्कम उभी राहिली आहे, हे काका पहिल्या मिनिटातच सांगून टाकतात. भाव कमी व्हावा म्हणूनच ते सांगताहेत, पण खोटं वाटत नाही.

मुलाने यादी मोबाइलवर आणली आहे. दुकानदार ती मोठ्याने वाचतो. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स. त्याला २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर. सहा रंगीत पंखे. तीन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट. मग आरटीएक्स ३०५०चं सहा जीबीवालं कार्ड, आठ जीबीची एक रॅम, आणि शेवटी बारीक अक्षरात, "एसएमपीएस ४५० वॅट, लोकल चालेल".

"प्रोसेसर मोठा घेतलास," दुकानदार म्हणतो, "त्याला गार ठेवायला पाणी घेतलंस, पाणी दिसावं म्हणून काच घेतलीस. मग कार्डाला पैसे उरले नाहीत."

मुलगा चिडत नाही. त्याने तयारी केली आहे. "दादा, मी बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर चेक केलंय. फक्त सात टक्के दाखवतो."

इतका वेळ भिंतीवरच्या केबली न्याहाळणारे काका वळतात. "बॉटलनेक? कुठल्या स्टेशनला?"

काका ऑटो पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये लाईन सुपरवायझर आहेत. त्यांच्या पुढच्या पाच मिनिटांच्या प्रश्नांत जे निघतं, ते मी कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत इतकं स्वच्छ ऐकलेलं नाही. एक फ्रेम बनते कशी, हे त्यांना आधी हवं आहे. दुकानदार सांगतो की प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय काय काढायचं. मग तो कामाची यादी कार्डाकडे पाठवतो. कार्ड ते चित्र रंगवतं. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, वीस लाखांवर ठिपके, दर फ्रेमला. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमला लागलेला असतो.

"म्हणजे दोन स्टेशन. आणि सेकंदाला किती जॉब पाहिजेत?"

"साठ तरी."

काका मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडतात. एक हजार भागिले साठ. "सोळा पूर्णांक सहासष्ट मिलिसेकंद सायकल टाइम." मग स्वतःशीच गुणाकार करतात आणि हसतात. "तासाला दोन लाख सोळा हजार जॉब. आमचा मॅनेजर नाचेल." हसू ओसरल्यावर ते मुलाकडे बघतात. "तुझा हा मोठा प्रोसेसर सात मिलिसेकंदात मोकळा झाला आणि कार्डाला वीस लागले, तर माल कितीने निघणार?"

"वीसने," मुलगा म्हणतो. सेकंदाला पन्नास फ्रेम, हेही त्याने मनातल्या मनात काढलेलं असणार, कारण तो मोबाइलवरची यादी वर सरकवू लागला आहे.

"मग सातवाल्याला पाण्याने गार करून काय उपयोग? तो तेरा मिलिसेकंद बसूनच राहणार."

दुकानदार पहिल्या दोन ओळी खोडतो. ५७००एक्सच्या जागी रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, टीडीपी ६५ वॅट, आणि डब्यातच कंपनीचा पंखा येतो. ५७००एक्ससोबत तो येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. लिक्विड कूलर गेला. पंखे सहावरून दोन. काच एका बाजूला राहिली, समोर जाळी आली, कारण उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद काचेमागे कार्डाला हवा मिळत नाही. वाचलेले सगळे पैसे एका ओळीत खाली जातात: आरएक्स ६६००, आठ जीबी. एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या कार्डाला. खेळण्यासाठीच मशीन घ्यायचं तर एवढा हिस्सा कार्डाला द्यावाच लागतो, असं माझं मत आहे.

पण इथे मुलगाही एक बरोबर गोष्ट काढतो. तो म्हणतो की तो जास्त वेळ व्हॅलोरंट खेळतो, आणि व्हॅलोरंटमध्ये कार्ड रिकामं बसतं, प्रोसेसरच दमतो. दुकानदार मान डोलावतो. खरंच आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असल्या खेळांत चित्र हलकं असतं आणि फ्रेम शेकड्यांत लागतात; तिथे हळू स्टेशन प्रोसेसरचं. सायबरपंक २०७७ लावला की उलटं, कार्डाचा घाम निघतो. त्याच मशीनवर रिझोल्यूशन वाढवलं तर ओझं कार्डावर चढतं, प्रोसेसरला त्याचं विशेष काही नाही. जॉब बदलला की बॉटलनेक बदलतो, हे काकांना समजवावं लागत नाही. त्या कॅल्क्युलेटरचा सात टक्के आकडा मात्र मला पंचांगातल्या पर्जन्य-भाकितासारखा वाटतो: कुठला खेळ, कुठलं रिझोल्यूशन, कुठली सेटिंग हे न विचारता दिलेला.

"पण पप्पा, एनव्हिडियाच पाहिजे होतं. रे ट्रेसिंग…"

"या रेंजला रे ट्रेसिंग चालू केलं की फ्रेम निम्म्यावर येतात रे," दुकानदार म्हणतो. "मग तूच बंद करशील." सहा जीबीच्या ३०५०ची बाजू त्याने मांडली नाही असं नाही. ते कार्ड ७० वॅटमध्ये भागवतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये घालायला उत्तम. नव्या मशीनमध्ये तेवढ्यासाठी वेग कशाला सोडायचा? मुलगा गप्प होतो, पण पटल्यासारखा नाही. हिरवा लोगो त्याच्या मनातून एवढ्यात जाणार नाही.

मध्येच घरून फोन येतो. काका अहिराणीत बोलतात, दोनदा "हा, हा" म्हणतात आणि फोन ठेवल्यावर नवा मुद्दा काढतात. "आमच्या शेजारचा एक जण आय-सेव्हन देतोय. सोळा जीबी रॅम, कार्डासकट पंचवीस हजारात. मिसेस म्हणताहेत तेच घ्या."

"कितवी जनरेशन?"

मुलगा पुटपुटतो, "थर्ड."

दुकानदार पेन खाली ठेवतो. थर्ड जनरेशन म्हणजे २०१२ सालचा माल. ऑफिसांनी काढून टाकलेली ही मशीन बाजारात रिफर्बिश्ड म्हणून फिरतात, त्यांत एखादं चिमुकलं कार्ड बसवलं की गेमिंग पीसी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते या मशीनमध्ये नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. "काका, नावात सेव्हन आहे म्हणून फसू नका. आजचा चार कोरचा आय-थ्री १२१००एफ त्याला आरामात मागे टाकतो." काका घरी फोन लावत नाहीत. संध्याकाळी समोरासमोर सांगणं बरं, असा हिशेब असावा.

आता रॅम. सगळा गुंता इथेच आहे. आठ-आठच्या दोन पट्ट्यांचा भाव ऐकून काका तो पुन्हा एकदा विचारतात. गेल्या वर्षी याच वेळी होता त्याच्या दुपटी-तिपटीत गेलाय. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना एचबीएम नावाची महागडी मेमरी लागते, कारखान्यांची ताकद तिकडे वळली आहे, आणि डीडीआर४ तर तशीही निवृत्तीला आलेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दुकानदार हे रागाने सांगतो, जणू त्याच्याच गल्लीतलं कुणी दुकान बंद करून गेलंय.

काका शांत आहेत. "मोठा कस्टमर आला की छोट्याचा शेड्यूल मागे. आम्ही रोज बघतो."

मुलगा तोडगा काढतो: आत्ता आठची एकच पट्टी घेऊ, भाव उतरले की दुसरी. पण प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनल आहेत. एकाच पट्टीत एकच चालतं, आणि रायझनला ते चांगलंच जाणवतं. शिवाय आठ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि खेळ एकत्र मावत नाहीत, आणि कॉलेजचं सॉलिडवर्क्स आठमध्ये रडत रडत उघडेल. नवा एएम५ सॉकेट घ्यावा तर त्याला डीडीआर५च लागते, ती आणखी महाग. एएम४ बाजारात रुळला तो २०१७ साली, पहिल्या रायझनबरोबर. नऊ वर्षं झाली, तरी अंबडच्या या काउंटरवर तोच एक परवडण्यासारखा रस्ता उरलाय. शेवटी आठ-आठच्या दोन पट्ट्या लिहिल्या जातात. त्याची भरपाई म्हणून एसएसडी एक टीबीवरून ५०० जीबीवर येते आणि बोर्ड बी५५० वरून ए५२० वर. बोर्डाचं पीसीआय ३.० झालं तरी आरएक्स ६६०० आठ लेनचं कार्ड आहे, त्याचं फारसं बिघडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी असतं तर गोष्ट वेगळी. त्याला चारच लेन आहेत, या बोर्डावर ते लंगडलं असतं.

"पट्ट्या बसवल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करून दे," मुलगा म्हणतो. दुकानदार त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने बघतो. ते राहिलं तर ३२००ची पट्टी २४००-२६६६ वर चालत राहते आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही.

राहिली ती बारीक अक्षरातली ओळ. दुकानदार खालच्या फळीवरून दोन एसएमपीएस काढून काउंटरवर ठेवतो. एकावर ठळक ४५०, दुसऱ्यावर ५५०. काका दोन्ही हातांत घेऊन आधी वजन बघतात, मग चष्मा वर करून मोटरची नेमप्लेट वाचावी तसं स्टिकर वाचतात. लोकलच्या स्टिकरवर बारा व्होल्टपुढे १४ अँपिअर.

"बारा चौदं एकशे अडुसष्ट. ४५० कुठून आले?"

उत्तर कुणीच देत नाही. कार्ड एकटं १३२ वॅटपर्यंत मागतं, प्रोसेसर सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत जातो, म्हणजे दोघांतच दोनशेच्या वर. शिवाय लोकलला कार्डाची आठ पिनांची केबल नाही, जुन्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि जळालेले कन्व्हर्टर दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये आहेत. तो एक काढून दाखवतो. ५५० च्या स्टिकरवर बारा व्होल्टला चाळिसाच्या वर अँपिअर. इथे काका भाव करत नाहीत. मुलाच्या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू त्यांनी स्वतःहून महाग केली आहे.

बाकीचं पटापट होतं. मॉनिटर २४ इंची, १०० हर्ट्झ. १४४ चा मोह मुलाने स्वतःच सोडला. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस चालेल का? तो ३६० वॅटचा असतो, खेळ चालू असताना चार मिनिटं निघतील, तेवढ्यात शटडाउन करायचं.

बेरीज सत्तरच्या सातशे वर जाते. काका सातशे कापायला सांगतात, दुकानदार जोडणीचे पैसे सोडतो पण रॅमवर रुपया सोडत नाही. पक्कं जीएसटी बिल, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर बिलावर; वॉरंटीला नेमकं तेच लागतं, हे काकांना सांगावं लागत नाही.

"पप्पा, मागचा एक्झॉस्ट फॅन तेवढा आरजीबी घेऊ? तसाही पंखा लागतोच."

"किती जास्त?"

"दीडशे."

काका मुलाकडे बघतात, मग दुकानदाराकडे. "लिहा. त्याचाही सिरीयल नंबर लिहा."

"पंख्याला नंबर नसतो काका."

"मग नुसतं पंखा लिहा, पण लिहा."