संथ कौटुंबिक प्रवास : युरोपातील लहान नगरे आणि गोंदिया जिल्हा

सारांश : थोडी ठिकाणे, अधिक मुक्काम आणि स्थानिक जीवनाशी संबंध ही संथ प्रवासाची लक्षणे मानली जातात. ही संकल्पना युरोपातील लहान नगरांत रूढ झाली असली, तरी तिचा आशय गोंदिया जिल्ह्यातील मंडई, कचारगडची यात्रा आणि तलावांच्या परिसरातील मुक्काम यांतही आढळतो. संथ प्रवास हा प्रवाशाच्या स्वभावापेक्षा सार्वजनिक सोयींवर अधिक अवलंबून असतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : संथ प्रवास, कुटुंब, लहान नगरे, मंडई, झाडीपट्टी, तलाव, प्रवासी गाडी.

प्रस्तावना

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या दृष्टीने युरोपचा प्रवास म्हणजे बहुधा आठ-दहा दिवसांत पाच-सहा देश पाहणे होय. सकाळी बस, दुपारी वास्तू, सायंकाळी दुसरे शहर असा हा क्रम असतो. खर्च मोठा आणि रजा मर्यादित असल्याने ‘जास्तीत जास्त पाहून घ्यावे’ ही वृत्ती समजण्यासारखी आहे. मात्र या क्रमात आजी-आजोबांचा थकवा आणि लहान मुलांचे कुतूहल या दोहोंना जागा उरत नाही. तीन पिढ्यांच्या चालण्याचा वेग वेगवेगळा असतो. वेळापत्रक मात्र एकच असते. या विसंगतीवर उपाय म्हणून संथ प्रवासाचा विचार पुढे येतो. हा विचार केवळ परदेशात जाऊ शकणाऱ्यांपुरता आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

संकल्पनेचा उगम

संथपणाची आधुनिक चळवळ प्रवासातून नव्हे, तर अन्नातून सुरू झाली. 1986 मध्ये रोम येथील स्पॅनिश पायऱ्यांच्या परिसरात मॅकडोनाल्डचे उपाहारगृह उघडण्यास विरोध झाला. त्यातून कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने ‘स्लो फूड’ चळवळ आकारास आली आणि 1989 मध्ये पॅरिस येथे तिचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा स्वीकारण्यात आला. स्थानिक धान्य, स्थानिक पाककृती आणि सावकाश जेवण यांचा आग्रह हे तिचे सूत्र होते.

हेच सूत्र 1999 मध्ये नगररचनेला लावण्यात आले. ग्रेव्हे इन कियांती या इटालियन नगराचे महापौर पाओलो सातुर्निनी यांनी कल्पना मांडली आणि ऑर्व्हिएतो, ब्रा व पोझितानो या नगरांच्या साथीने ‘चित्तास्लो’ म्हणजे संथ नगरांचा संघ स्थापन झाला. गोगलगाय हे त्याचे बोधचिन्ह आहे. पन्नास हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या नगरालाच त्याचे पूर्ण सदस्यत्व मिळते. पर्यटक वाढविणे हा या संघाचा मूळ हेतू नव्हता. तेथील रहिवाशांचे जगणे सुखाचे व्हावे, हा हेतू होता. जे नगर रहिवाशांना राहण्यास सुखाचे असते, तेच पाहुण्यालाही थांबावेसे वाटते, हा त्यातील महत्त्वाचा विचार होय.

संथ प्रवासाची तीन अंगे

युरोपातील अनुभवावरून संथ प्रवासाची तीन अंगे सांगता येतात.

पहिले अंग म्हणजे एकच मुक्काम. बेल्जियममधील गेंट हे याचे सोयीचे उदाहरण आहे. तेथे मुक्काम ठेवला, तर ब्रुज, ब्रुसेल्स आणि अँटवर्प ही तिन्ही शहरे रेल्वेने साधारण तासाभराच्या आत गाठता येतात. सामान रोज बांधावे लागत नाही. मूल आजारी पडले, तर तो दिवस घरी काढता येतो आणि सहल कोलमडत नाही.

दुसरे अंग म्हणजे लहान स्थानकांवर थांबणारी सार्वजनिक वाहने. ऑर्व्हिएतो हे नगर ज्वालामुखीजन्य खडकाच्या उंच पठारावर वसले असून रेल्वे स्थानक पायथ्याशी आहे. या दोहोंना जोडणारी दोरखेच रेल्वे 1888 मध्ये सुरू झाली होती. मध्यंतरी बंद पडलेली ही सोय 1990 मध्ये पुन्हा सुरू करण्यात आली. परिणामी खासगी मोटारीशिवाय वृद्ध व मुले वर पोहोचू शकतात. युरोपबाहेरील प्रवाशांसाठी 1959 पासून असलेला युरेल पास आणि युरोपीय तरुणांसाठी 1972 मध्ये आलेला इंटररेल पास यांनी रेल्वेने सावकाश फिरण्याची सवय अनेक पिढ्यांना लावली.

तिसरे अंग म्हणजे पायी फिरता येण्याजोगी वस्ती. स्पेनमधील पोंतेवेद्रा नगराने 1999 पासून आपला मध्यवर्ती भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यास सुरुवात केली. जेथे मुलाचा हात सोडता येतो, तेथेच पालकांना इकडेतिकडे पाहता येते.

या तिन्ही अंगांचा विचार करता असे दिसून येते की, संथपणा हा प्रवाशाने सोबत नेलेला गुण नसून यजमान नगराने उभी केलेली व्यवस्था आहे.

मराठी प्रवासवर्णनांची साक्ष

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (1960) हे पती-पत्नींनी मिळून केलेल्या युरोपच्या प्रवासाचे वर्णन असून, त्यामागे इंग्लंडमधील दीर्घ वास्तव्य आहे. डॉ. मीना प्रभु यांचे ‘माझं लंडन’ हे तर त्या शहरात संसार मांडलेल्या लेखिकेचे पुस्तक आहे. ही पुस्तके टिकली, याचे एक कारण त्यांतील माणसे आहेत आणि माणसे भेटण्यास मुक्काम लागतो.

गोंदिया जिल्ह्यातील संथ प्रवासाची रूपे

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. योगायोगाने चित्तास्लो संघाचे स्थापना वर्षही हेच आहे. या जिल्ह्यात ‘संथ पर्यटन’ हा शब्द रूढ नसला, तरी त्याचा आशय पुढील रूपांत आढळतो.

अ) मंडई : दिवाळीनंतर झाडीपट्टीतील गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाची तिथी वेगळी असते. म्हणून एका गावची मंडई आटोपून कुटुंब दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे जाते. सासरी गेलेल्या मुली मुलाबाळांसह माहेरी येतात. दिवसा बाजार, गोवाऱ्यांचे नृत्य आणि रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक असा हा सोहळा असतो. येथे मुक्काम हॉटेलात नसून नात्यात असतो आणि पाहुणा प्रेक्षक असतो तसाच घरचाही असतो. संथ प्रवासाची ‘स्थानिक जीवनाशी संबंध’ ही अट मंडईत आपोआप पूर्ण होते.

आ) कचारगड : सालेकसा तालुक्यात दरेकसा स्थानकाजवळील कचारगडची विशाल गुहा गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्याशी निगडित असलेली, कोंडलेल्या बालकांच्या मुक्ततेची कथा या स्थळाशी जोडलेली आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून आबालवृद्ध येथे येतात. बहुतेकांचा अखेरचा टप्पा जंगलवाटेने पायीच असतो. चालता चालता वडीलधाऱ्यांकडून गोत्र, देव आणि कथा मुलांपर्यंत पोहोचतात. येथे प्रवास हेच शिक्षण ठरते.

इ) नवेगावबांध आणि तलावांचा परिसर : कोहळी समाजातील कोलू पाटील यांनी नवेगावचा बांध घातला, अशी परंपरा सांगितली जाते. धानाच्या सिंचनासाठी बांधलेला हा तलाव पुढे पक्ष्यांचेही आश्रयस्थान झाला. 1975 मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (निधन 2025) यांनी येथे अनेक वर्षे काढली; ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक त्या दीर्घ वास्तव्याचे फळ आहे. दोन तासांच्या सफारीतून असे पुस्तक निर्माण होणे संभवत नाही. याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, तर प्रतापगड येथे महाशिवरात्रीची यात्रा आणि दर्गा दोन्ही आहेत. एकाच मुक्कामावरून एवढी विविधता पाहता येणे ही मोठी जमेची बाजू होय.

सारस पक्ष्याचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि तोही अत्यल्प संख्येने उरला आहे. तो तलावात किंवा धानाच्या बांधीत घरटे करतो. जोडी आणि एक-दोन पिल्ले असे त्याचे कुटुंब असते. त्याला पाहण्यासाठी पहाटे उठावे लागते, दूर थांबावे लागते आणि गप्प बसावे लागते. मुलांना संयम शिकविणारा याहून चांगला पाठ क्वचितच सापडेल.

रेल्वे : दुर्लक्षित आधार

गेंटप्रमाणेच गोंदिया हेही मुक्कामाचे केंद्र होऊ शकते, कारण येथून चार दिशांना लोहमार्ग जातात : पश्चिमेस नागपूर, पूर्वेस दुर्ग, उत्तरेस बालाघाट आणि दक्षिणेस वडसा-नागभीड. पूर्वेच्या मार्गावर आमगाव, सालेकसा व दरेकसा, तर दक्षिणेच्या मार्गावर सौंदड व अर्जुनी-मोरगाव ही स्थानके आहेत. बालाघाट-जबलपूर आणि नागभीडकडील मार्ग विसाव्या शतकाच्या प्रारंभी अरुंद मापाचे म्हणून सुरू झाले. नागभीडकडील मार्गाचे रुंदीकरण 1990च्या दशकात झाले, तर जबलपूरपर्यंतचे काम 2020-21च्या सुमारास पूर्णत्वास गेले.

रुंदीकरणामुळे वेग वाढला, दूरचा प्रवास सुकर झाला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु वेगवान गाडी लहान स्थानकावर थांबत नाही. मार्च 2020 मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही अशा कुटुंबांना लहान स्थानकावरील थांब्याचे मोल कळले. दरेकसा येथे थांबणारी गाडी ही पर्यटन विभागाच्या कोणत्याही फलकापेक्षा अधिक उपयुक्त सोय आहे.

मर्यादा आणि धोके

संथ प्रवासाचा पुरस्कार करताना काही धोके लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला धोका गर्दीचा. एका दिवसासाठी येणाऱ्यांचा लोंढा आवरण्याकरिता व्हेनिसने एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला. सारसाच्या घरट्याजवळ दहा मोटारी उभ्या राहिल्या, तर त्यावर शुल्काचाही उपाय चालणार नाही. दुसरा धोका परक्या दृष्टीचा. कचारगड हे देखाव्याचे स्थळ नसून श्रद्धेचे स्थळ आहे. तेथे पाहुण्याने यजमान समाजाची रीत पाळणे हे कर्तव्य ठरते. तिसरा प्रश्न तलावांच्या निगेचा. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. गाळ साचलेल्या तलावात मासे, शिंगाडे, पक्षी आणि धानाचे पाणी या चारही गोष्टी एकदमच कमी होतात. मग पाहुण्याला दाखविण्यासारखे काही उरत नाही आणि गावकऱ्याला खाण्यासारखेही.

निष्कर्ष

1. संथ कौटुंबिक प्रवासाचे मोजमाप पाहिलेल्या स्थळांच्या संख्येवरून न करता मुक्कामाच्या दिवसांवरून आणि परिचय झालेल्या माणसांवरून करावे.

2. युरोपातील नगरांचे अनुकरण करावयाचे असेल, तर ते त्यांच्या वास्तूंचे नव्हे, तर थांबणाऱ्या गाड्या, पादचारी रस्ते आणि स्थानिक अन्न यांचे करावे.

3. गोंदिया जिल्ह्यात मंडई आणि कचारगड यांच्या रूपाने संथ प्रवासाची स्वतःची परंपरा आहे. तिला नवे नाव देण्यापेक्षा तिचे आधार, म्हणजे लहान स्थानकांवरील थांबे, गाळमुक्त तलाव आणि गावातील आतिथ्य, टिकविणे अधिक महत्त्वाचे आहे.

4. महाविद्यालयांचे इतिहास, भूगोल, मराठी आणि प्राणिशास्त्र विभाग एकत्र आल्यास गावनिहाय मंडईच्या तिथी, तलावांचा इतिहास आणि पक्ष्यांच्या नोंदी यांचे साधे पुस्तक तयार होऊ शकेल. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या प्राध्यापकाचे कुटुंब त्या आधारे चार दिवस एकाच गावी राहिले, तर या विषयाचे खरे अध्ययन तेथूनच सुरू होईल.