तबकडी गाते, पण पट्टी खरी आहे का?

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना टर्नटेबल ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर लावला, तबकडी फिरली, पण गाणं रेंगाळायला लागलं. ही तक्रार हौशी मंडळींच्या कानावर अनेकदा येते.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. तिथे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. सिंक्रोनस मोटर वारंवारतेवर चालते, त्यामुळे ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेते. काळी चारमधलं गाणं थेट पांढरी चारला उतरतं!

तपासायचं कसं? काठाला रेघा छापलेली स्ट्रोब डिस्क ठेवायची. आपली वीज दिव्याला सेकंदाला १०० वेळा मिणमिणवते, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. वेग बरोबर असेल तर त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी.

इथेच खरी मेख आहे. अमेरिकन डिस्कवर २१६ रेघा असतात. आपल्या दिव्याखाली त्या नेमक्या २७.८ लाच स्थिर दिसतात आणि चुकीचा वेगही बिनचूक भासतो! डिस्कवरचा ‘५०’ आकडा आधी पाहावा.

दिवा निऑनचा किंवा चोकवाली ट्यूबलाइट असावी, बरेच एलईडी तसे मिणमिणत नाहीत. सुई तबकडीवर टेकवूनच तपासावं, तिच्या ओढीनेही वेग किंचित घटतो.

डीसी मोटरला बहुधा वेगाचा बारीक स्क्रू असतो. तो अगदी थोडा थोडा फिरवावा. सिंक्रोनस मोटरला ५० हर्ट्झची पुलीच हवी. बेल्ट सैल झाला असेल तर आधी तो बदलावा.

टर्नटेबलचं मॉडेल कळवून शंका जरूर विचाराव्यात.