खटखट खरी की खोटी?

कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर पूर्वी गाडी थांबली, की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर टकटक करत जायचा. चाक धड असेल तर खणखणीत वाजायचं, तडा गेलेला असेल तर बद्द. केममध्ये गॅरेज चालवताना मला हा माणूस बऱ्याचदा आठवतो. केम म्हटलं की लोकांना कुंकू आठवतं, मोटारी नव्हे. पण मोटारी इथेही येतात, आणि त्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा आवाजाच्याच असतात. त्यातला सर्वांत फसवा आवाज म्हणजे पेट्रोल इंजिनाचं ‘नॉकिंग’.

हे नॉकिंग म्हणजे नेमकं काय? सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं जातं, प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून ज्योत पसरत जाते. शेतातला पाचट एका कडेने पेटवला तर आग जशी सरकत पुढे जाते, तसंच. मात्र ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबामुळे आणि उष्णतेने इतकं तापतं, की कधी कधी ते एकदम आपोआप पेटतं. मग दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा तो आवाज असतो. धातूवर असलेला वायूचा पातळ थर या लाटांमुळे उडून जातो, सगळी उष्णता पिस्टनवर येते आणि पुढे पिस्टनचे तुकडे पडायला वेळ लागत नाही. (ट्रॅक्टरवाल्यांनी घाबरू नये. डिझेल इंजिन मुळातच आपोआप पेट घेण्यावर चालतं, त्याची खटखट जन्मजात आहे.)

घंटा जेवढी मोठी तेवढा तिचा आवाज जाड, हा नियम इथेही लागू होतो. सत्तर मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर नॉक मारतो तेव्हा सेकंदाला साधारण आठ हजार कंपनं होतात. नव्वदच्या सिलिंडरमध्ये सहा हजारांच्या आसपास. हे टिपण्यासाठी आजच्या गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बोल्टने घट्ट बसवलेला असतो. कंपनाचा दाब पडला की त्याच्यातला स्फटिक किंचित वीज तयार करतो. गाडीचा संगणक ती वीज मोजतो, तीही सगळा वेळ नाही. ज्वलन चालू असतानाचा थोडासा काळच तो कान देतो. तीन हजार फेऱ्यांवर क्रँकचे दहा अंश म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित जास्त वेळ. एवढ्यात निर्णय घ्यायचा, आणि नॉक वाटलं तर ठिणगीचं टायमिंग लगेच मागे घ्यायचं.

पण सेन्सरला कळतं ते फक्त कंपन. ते कशामुळे झालं, हे त्याला कळत नाही. कारखान्यातून जशी आली तशी गाडी असेल तर फारसा प्रश्न येत नाही, कारण कंपनीने त्या इंजिनाचे नेहमीचे आवाज आधीच मोजून ठेवलेले असतात. गाडीत बदल केले की तो हिशेब कोलमडतो. फोर्ज्ड पिस्टन टाकले तर ते थंडीत सिलिंडरवर जरा जास्त आपटतात. रबरी माउंटिंग काढून कडक माउंटिंग बसवलं तर सगळ्या गाडीचा थरथराट ब्लॉकमध्ये येतो. सैल ब्रॅकेट, वाजणारे टॅपेट, बॉडीला टेकलेला सायलेन्सरचा पाइप, सगळेच नॉकचं सोंग घेऊ शकतात. सेन्सरचा बोल्ट कमी-जास्त आवळला तरी तो चुकीचं ऐकतो. बहुतेक सेन्सरना साधारण 20 न्यूटन-मीटरचा ताण लागतो, तो टॉर्क पान्यानेच द्यावा.

2022 च्या उन्हाळ्यात जवळच्याच गावातला एक मुलगा मातीवरच्या शर्यतीसाठी बनवलेली छोटी गाडी घेऊन आला. शर्यतीसाठी हे मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावर चालवायच्या गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगी देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं. गाडीला टर्बो बसवलेला होता. जोर मात्र येत नव्हता, कारण संगणक सारखं टायमिंग मागे घेत होता. ‘‘काका, एकजण म्हणाला सेन्सरची वायरच काढून टाका, म्हणजे झालं,’’ मुलगा म्हणाला. या गाडीत वडिलांच्या ऊसबिलाचे पैसे गेले होते. मी म्हणालो, ‘‘वायर काढलीस तर खोटं नॉक जाईल, आणि खरं असेल तर तेही ऐकू येणार नाही. इंजिन फुटल्यावरच कळेल.’’

आम्ही लॅपटॉप जोडून गाडी उभ्या जागी रेस केली. बरोबर 3,200 फेऱ्यांवर सेन्सर ओरडायला लागला, तेही चारही सिलिंडरना सारखाच. इथेच संशय आला. खरं नॉक भारावर येतं, ओढताना येतं. उभ्या गाडीत, ठरावीक फेऱ्यांवरच येणारा आवाज बहुधा लोखंडाचा असतो. मग टायमिंग तीन अंश मागे घेतलं. खरं असतं तर ते गेलं असतं, निदान खूप कमी झालं असतं. काही फरक नाही. गाडीखाली शिरलो तर टर्बोपासून येणारा पाइप एका ब्रॅकेटला घासून तिथे रुपयाएवढा चकचकीत डाग पडलेला. ब्रॅकेट वाकवून फट ठेवली आणि आवाज थांबला.

मुलगा खूश झाला, पण काम संपलं नव्हतं. एका साखर कारखान्याचा हंगाम बंद होता. परवानगी घेऊन त्याच्या मोकळ्या रस्त्यावर दुपारच्या रणरणत्या उन्हात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटर दिला. या खेपेला सेन्सर पुन्हा बोलला, पण फक्त चौथ्या सिलिंडरपुरता आणि फक्त ओढताना. ब्लॉकला तांब्याची नळी चेपून बोल्टने बसवली, तिला रबरी नळी जोडून कानाला लावली. डब्यातले खडे स्पष्ट वाजत होते! टायमिंग दोन अंश मागे घेतल्यावर आवाज गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलगा पुण्याहून 100 ऑक्टेनचं पेट्रोल टाकी भरून घेऊन आला. टायमिंग मूळच्या जागी ठेवूनही नॉक आलं नाही. पेट्रोलची ही परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण सैल ब्रॅकेटला ऑक्टेनशी काही देणंघेणं नसतं. चौथा प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके होते. पिस्टन झिजायला लागला होता.

ऑक्टेन म्हणजे आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची ताकद. ती वाढवायला थॉमस मिजले यांनी 1921 मध्ये अमेरिकेत शिशाचं संयुग शोधलं आणि जगाने अनेक दशकं ते विष हवेत सोडलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. आता ते काम बरंचसं इथेनॉल करतं. त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर आहे, शिवाय वाफ होताना ते सिलिंडरमधली हवा थंड करतं. पूर्वी आपलं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं असायचं, 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला किमान 95 ठरवलेलं आहे. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला ऊस आता नॉकिंगही अडवतो. मात्र त्याच इथेनॉलमुळे पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं, आणि इंजेक्टर कमी पडले की मिश्रण पातळ होऊन तापतं, हे ट्यूनिंग करणारे विसरतात.

त्या गाडीच्या टर्बोचा दाब आम्ही 0.7 बारवरून 0.5 वर आणला आणि चौथ्या सिलिंडरचा अर्धवट चोंदलेला इंजेक्टर साफ केला. वायर काढली नाही. पहिल्या शर्यतीनंतर मुलाचा फोन आला, ‘‘काका, पुन्हा नॉक दाखवतंय, पण वळणावर गाडी घसरली की तेवढंच.’’ खडी उडून इंजिनाखालच्या पत्र्यावर आपटत होती. पत्र्याला आतून जाड रबर चिकटवायला सांगितलं.